टक्केवारीआधी अपलोडचा वेग पाहा

प्रश्न : मी दर्यापूर तालुक्यातील एका खेड्यात राहतो. माझे वय 21 वर्षे असून घरची कपाशी-तुरीची शेती सांभाळून संध्याकाळी मोबाइलवर बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) हा लढाईचा ऑनलाइन खेळ खेळतो. या खेळाचे लाइव्ह प्रक्षेपण सुरू करावे, असा विचार आहे. अकोल्याला शिकणारा मित्र म्हणतो, किक या लाइव्ह प्रक्षेपणाच्या व्यासपीठावर 95 टक्के पैसे मिळतात, तिथेच जा. चुलतभावाचा आग्रह ट्विच या तशाच दुसऱ्या व्यासपीठाचा आहे. घरी मोबाइलचाच डेटा आहे. काय निवडावे?

उत्तर : तुमच्या मित्राने सांगितलेला आकडा खरा आहे. प्रेक्षकांच्या सशुल्क वर्गणीतील 95 टक्के वाटा किक प्रक्षेपकाला देते, यूट्यूब 70 टक्के देते, तर ट्विचवर सामान्यतः निम्माच मिळतो. परंतु हा वाटा वर्गणीतला आहे आणि वर्गणी भरणारा प्रेक्षकच नसेल तर 95 टक्क्यांनाही काही अर्थ उरत नाही. मराठीत बोलणाऱ्या नवख्या खेळाडूचा प्रेक्षक आज यूट्यूबवरच आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याचे मोठे कारण लाइव्ह संपल्यानंतरचे आहे. बारा तासांपेक्षा लहान प्रक्षेपण यूट्यूबवर आपोआप साठवले जाते आणि पुढे कधीही शोधात सापडू शकते. ट्विचवर साध्या खात्याचे जुने प्रक्षेपण थोड्याच दिवसांत पुसले जाते. 2011 मध्ये सुरू झालेले आणि 2014 मध्ये अ‍ॅमेझॉनने विकत घेतलेले ट्विच चॅटच्या संस्कृतीत आजही सरस आहे, हे मान्यच करावे लागेल. मात्र तिथला मोठा वर्ग संगणकावरील खेळांचा आणि इंग्रजीचा आहे. किकबद्दल आणखी एक गोष्ट ध्यानात असू द्या. ते 2022 च्या अखेरीस आले, त्यामागे स्टेक या ऑनलाइन कॅसिनोचे संस्थापक आहेत आणि तिथे जुगाराची प्रक्षेपणेही चालतात. आपल्याकडे 2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायच्या खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवरही बंदी घातली आहे, तेव्हा तसल्या प्रायोजकांपासून चार हात दूरच राहावे.

आता खरी अडचण. मोबाइलवर व्हिडिओ सुरळीत दिसतो तो डाउनलोडच्या जोरावर. प्रक्षेपणाला अपलोड, म्हणजे आपल्याकडून डेटा पाठवण्याचा वेग, लागतो आणि गावातल्या टॉवरवर तो दिवेलागणीनंतर, म्हणजे शेतातून परतलेली मंडळी मोबाइल उघडून बसतात तेव्हा, नेमका मंदावतो. म्हणून वेगाची चाचणी दुपारी न करता ज्या वेळी खेळणार त्याच वेळी, सलग काही दिवस करावी. सेकंदाला 3 मेगाबिट या दराने 720पी (मध्यम स्पष्टतेचे) चित्र पाठवले तर तासाला सुमारे 1.35 जीबी डेटा जातो. ट्विचवर प्रचलित असलेल्या 6 मेगाबिटने हाच आकडा 2.7 जीबी होतो. रोजच्या दीड-दोन जीबीच्या रिचार्जमध्ये हे कसे बसणार? ग्रामपंचायतीपर्यंत भारतनेट या सरकारी योजनेची इंटरनेटची फायबर पोहोचली असेल आणि तिथून घरी जोडणी मिळत असेल, तर पहिला खर्च त्यावर करावा, दुसरा राउटरच्या छोट्या यूपीएसवर. चांगला माइक त्यानंतर.

मोबाइलवरून लाइव्ह जाण्यासाठी यूट्यूबला किमान 50 सबस्क्रायबर लागतात आणि प्रथम परवानगी मिळायला 24 तासांपर्यंत वेळ जाऊ शकतो. तोवर छोटे व्हिडिओ टाकत राहावे. सुपर चॅट (प्रेक्षकाने पैसे देऊन पाठवलेला संदेश) आणि सशुल्क सदस्यत्वाची दारे 500 सबस्क्रायबरपासून उघडतात, अर्थात पाहण्याच्या तासांची अटही पूर्ण करावी लागते.

एकाच खेळावर आणि एकाच व्यासपीठावर सगळी भिस्त मात्र ठेवू नये. बीजीएमआय जुलै 2022 मध्ये भारतात बंद झाला आणि मे 2023 मध्ये परतला. मायक्रोसॉफ्टचे मिक्सर हे प्रक्षेपणाचे व्यासपीठ तर 2020 मध्ये कायमचेच बंद पडले. आपल्या प्रक्षेपणाच्या प्रती स्वतःजवळ जपून ठेवाव्यात.

प्रश्न : माझा मुलगा 14 वर्षांचा आहे. त्याला यूट्यूबवर खेळाचे लाइव्ह करायचे आहे. परवानगी द्यावी का? (एक पालक, तालुका आर्वी)

उत्तर : एकट्याने करण्याची परवानगी यूट्यूबच देत नाही. जुलै 2025 पासून त्यासाठी किमान वय 16 वर्षे आहे. वय वाढवून खाते काढून देण्याचा मोह टाळावा, कारण ते उघड झाल्यास वाहिनीच जाऊ शकते. तोवर त्याने खेळ रेकॉर्ड करून तुमच्या नजरेखाली संपादित व्हिडिओ टाकावेत; त्यात गावाचे, शाळेचे नाव आणि घराचा परिसर दिसत नाही ना, एवढे तुम्ही प्रत्येक वेळी स्वतः पाहावे.