बाळाचं वजन झालं, आता आईलाही विचार

प्रिय बाय,

आरोग्य उपकेंद्रात नर्स म्हणून जॉईन झालीस हे ऐकून खूप बरं वाटलं. परवा फोनवर तू विचारलंस की ह्या कामात सगळ्यात कठीण काय असतं, आणि मी पटकन पावसातले रस्ते म्हणाले, पण रात्री अंथरुणावर पडल्यावर वाटलं की तुला खरं उत्तर दिलंच नाही, म्हणून हे लिहितेय.

आपल्याकडे घरी बाळंतपण आता जवळपास होतच नाही. २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात गोव्यात ९९ टक्क्यांहून जास्त बाळंतपणं हॉस्पिटलात झालेली, आणि वर्षाच्या आत दगावणारी बाळं हजारात साधारण ६, देशात ३५. ह्यात आपल्या नर्सबायांची किती वर्षांची पायपीट आहे ते मला माहीत आहे, अभिमान वाटतो. पण डिस्चार्ज झाला, बाई घरी आली, की सगळ्यांचं लक्ष पाळण्याकडे. आईचं कोण बघतं?

माझंच सांगते. सत्तरी तालुक्यातल्या एका वाड्यावर मी एका बाळंतिणीकडे जायचे, दुसरी मुलगी झालेली, नवरा कंपनीत शिफ्टला. बाळाचं वजन छान वाढत होतं, लसी वेळेवर, कार्डावर सगळं भरलेलं, मी खूश. ती गप्पच असायची आणि मी समजले की स्वभाव असेल. बाळ झोपलं तरी हिला झोप नव्हती, हे मला दीड महिन्यानंतर तिच्या सासूनं सांगितलं, तेही अळिवाचे लाडू खात नाही म्हणून तक्रार करताना! तेव्हा मी पहिल्यांदा सासूला बाहेर पाठवून तिच्याजवळ बसले, तर ती म्हणाली, बाई, विहिरीवर गेलं की भीती वाटते मला माझीच. त्याच दिवशी तिला डॉक्टरकडे नेलं, उपचार सुरू झाले, पुढे ती सावरली. पण तिच्या घरी मी आधी किती वेळा जाऊन आले होते, ते आठवलं की अजून आत तुटतं.

आणि ती एकटी नव्हती ग. गोव्यातल्याच एका जिल्हा हॉस्पिटलात येणाऱ्या आयांचा अभ्यास २००२ मध्ये छापून आला, त्यात बाळंतपणानंतर ६ ते ८ आठवड्यांनी २३ टक्के जणींना डिप्रेशन होतं आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त सहा महिन्यांनीही बऱ्या नव्हत्या. पैशाची ओढाताण, नवऱ्याशी न पटणं, आणि मुलगी झाली म्हणून घरातलं वातावरण, हे सगळं त्यात आलंय. बऱ्याच जणी तर गरोदरपणातच खचलेल्या होत्या, म्हणजे पोट पुढे आलेलं असतानाच विचारायला हवं.

तर एकटीशी बोल. बरी आहेस ना असं नको विचारू, त्याला सगळ्या हो म्हणतात. बाळ झोपतं तेव्हा तुला झोप लागते का, जेवण जातं का, रडू येतं का, आणि जिवाचं काही करावंसं वाटतं का हे सुद्धा सरळ विचार, विचारल्यानं ते डोक्यात घुसत नाही, उलट बाईला सुटल्यासारखं होतं. हो म्हणाली तर तिला एकटी सोडू नको, तिथूनच मेडिकल ऑफिसरना फोन लाव. टेलिमानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, तो तिच्या मोबाईलवर सेव्ह करून दे.

शरीराचंही तसंच. गोव्यात साधारण १० पैकी ४ बाळंतपणं सिझेरियनची आहेत, तरी कळशी उचलायला लावतात, तिथे सासूशी गोड बोलून भांडायचं. बीपी बाळंतपणानंतरही चढतं, डोकं फार दुखतं, डोळ्यांपुढे अंधारी येते असं म्हणाली की लगेच मशीन काढ, १४०/९० च्या वर दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरना कळव, आणि १६०/११० असेल तर थेट १०८. तासाभरात पॅड भिजत असेल, ताप असेल, तेव्हाही थांबायचं नाही. लोहाच्या गोळ्या चहाबरोबर घेतात बऱ्याच जणी, चहाने लोह अंगाला लागत नाही, लिंबू पाण्याबरोबर घ्यायला सांग.

गणेश चवथीच्या दिवसांत बायका माहेरी जातात आणि आपल्या रजिस्टरमधून गळतात, तेव्हा माहेरच्या गावच्या नर्सचा नंबर आधीच घेऊन ठेव. पहिल्या घरभेटी झाल्या की मला फोन कर, संध्याकाळी सातनंतर मी ओसरीवरच असते.

तुझी,
बाई