सरावासाठी घरची हलकी काडतुसे : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : मी सोलापुरात अक्कलकोट रस्त्याला राहतो. माझ्याकडे परवान्याचे पॉइंट थ्री टू बोअरचे रिव्हॉल्व्हर आहे. काडतुसे महाग पडतात आणि परवान्यावर मिळतातही मोजकीच, त्यामुळे सराव असा होतच नाही. एका परिचितांचे म्हणणे असे की मेणाच्या गोळीचे, अगदी कमी ताकदीचे काडतूस घरीच तयार करता येते आणि त्याने कोणाला इजा होत नाही. आमची यंत्रमागाची एक शेड सध्या बंद आहे, तिथे असा सराव करण्याचा विचार आहे. आपला सल्ला मिळावा.

उत्तर : सराव होत नाही ही आपली खंत अगदी रास्त आहे. ज्याच्याजवळ शस्त्र आहे आणि ज्याचा हात त्यावर बसलेला नाही, असा परवानाधारक स्वतःला आणि घरच्यांना धोक्यात ठेवतो, असेच आमचे मत आहे. परंतु त्यावरचा उपाय म्हणून घरी काडतूस तयार करण्याचा विचार आपण पूर्णपणे सोडून द्यावा, असे आम्ही आपल्याला कळकळीने सांगतो. त्याची कारणे केवळ कायद्याची नाहीत, तरीही आधी कायदा पाहू. आपल्याजवळ आहे तो शस्त्र बाळगण्याचा परवाना. दारूगोळा तयार करण्यासाठी शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 5 खाली वेगळा परवाना लागतो, आणि त्यावाचून काडतूस तयार करणाऱ्यास कलम 25 नुसार शिक्षा होते. 2019 च्या दुरुस्तीनंतर ही शिक्षा किमान 7 वर्षे कारावासाची आणि कमाल जन्मठेपेची आहे. काडतूस कमी ताकदीचे होते, सरावापुरते होते, मेणाचे होते, हा बचाव होऊ शकत नाही, कारण अधिनियमातील व्याख्येत काडतुसाचे सुटे भाग आणि ते तयार करण्याची यंत्रेसुद्धा दारूगोळ्यातच मोडतात. बंदुकीची दारू घरात साठवली तर स्फोटकांचा कायदा निराळाच लागू होतो.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे 'कमी ताकदीचे म्हणून निर्धोक' ही समजूत. कारखान्यात तयार झालेल्या काडतुसात दारूचे वजन, पुंगळीतील (म्हणजे काडतुसाच्या कवचातील) मोकळी जागा, टोपीची (म्हणजे बुडाशी बसवलेल्या, ठोका बसताच दारू पेटवणाऱ्या भागाची) आग आणि गोळीचा नळीतील कस यांचा मेळ बसवलेला असतो आणि त्याची चाचणी घेतलेली असते. दारू कमी केली की हा मेळ बिघडतो. मोठ्या पुंगळीत थोडी दारू आडवी पसरते, ती दर वेळी सारखी पेटत नाही, आणि एका बाराचा दाब दुसऱ्या बाराशी जुळत नाही. एखाद्या वेळी दाब इतका कमी पडतो की गोळी नळीच्या बाहेर न पडता मध्येच अडकते. अशा वेळी आवाज येतो, पण दबका येतो, आणि हलक्या काडतुसाकडून दबक्या आवाजाचीच अपेक्षा असल्यामुळे उडवणाऱ्याला संशयही येत नाही. तो पुन्हा चाप ओढतो. दुसरी गोळी अडकलेल्या गोळीवर जाऊन आदळते, नळी फुगते किंवा फाटते, आणि तिच्यालगत असतात ती उडवणाऱ्याची बोटे आणि डोळे. पूर्ण ताकदीच्या काडतुसात गोळी अडकली तर आवाजातला फरक निदान कानाला कळण्याची शक्यता असते. हलक्या काडतुसात तीही राहत नाही.

हे कागदावरचे भय नव्हे. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातील विल्मिंग्टन येथे 31 मार्च 1993 रोजी चित्रीकरण चालू असताना अभिनेता ब्रँडन ली याचा मृत्यू झाला, त्याचे मूळ अशाच एका घरगुती उद्योगात होते. जवळून चित्रित करण्यासाठी पोकळ काडतुसे हवी होती, म्हणून खऱ्या काडतुसांतली दारू काढून टाकून ती तिथल्या तिथे तयार करण्यात आली. एका काडतुसातली टोपी जिवंत राहिली. तिच्या तेवढ्याशा जोरानेही गोळी पुंगळीतून निघाली आणि नळीत जाऊन रुतली, आणि ते कोणाच्याही लक्षात आले नाही. पुढे त्याच रिव्हॉल्व्हरमध्ये आवाजाचे कोरे काडतूस भरून बार काढला, तेव्हा त्यातल्या पूर्ण दारूने ती रुतलेली गोळी समोर उभ्या असलेल्या माणसाच्या पोटात घातली. त्या जागी शस्त्रे रोज हाताळली जात होती. आपल्या बंद शेडमध्ये तर दुसरे पाहणारे कोणीच असणार नाही.

आपल्या परिचितांनी सांगितलेल्या मेणाच्या गोळीला इतिहास आहे, हे मान्य करायला हवे. फ्रान्समधील बंदूककार लुई निकोला फ्लोबेर याने 1845 च्या सुमारास दारूविना, केवळ टोपीच्या जोरावर उडणारे छोटे काडतूस तयार केले आणि युरोपातल्या श्रीमंत घरांत दिवाणखान्यातली नेमबाजी रूढ झाली. पुढे मेणाच्या गोळ्यांनी पिस्तुलांची द्वंद्वे खेळली जाऊ लागली, आणि 1908 च्या लंडन ऑलिंपिकच्या वेळी त्यांचे प्रात्यक्षिकही झाले. पण ते खेळाडू कशा तयारीने उभे राहत तेही पाहा : जाड कापडाचा लांब झगा, चेहऱ्यावर जाड काचेचा मुखवटा, आणि पिस्तुलालाच जोडलेली हात झाकणारी ढाल. मेणाची गोळी निरुपद्रवी असती तर एवढ्या बंदोबस्ताची गरज पडली नसती. जवळून लागलेली अशी गोळी डोळा घालवू शकते.

आणखी दोन गोष्टी. घरी केलेले हलके काडतूस आणि खरे काडतूस एकाच खणात पडले, तर संध्याकाळच्या उजेडात ते वेगळे ओळखता येतील याची खात्री देता येत नाही, आणि ही अदलाबदल एकदाच घडावी लागते. दुसरे असे की टोपीतल्या रसायनांत बहुधा शिशाची संयुगे असतात. बंद शेडमध्ये ती धुराबरोबर श्वासात जातात आणि कपड्यांवर बसून घरी येतात. घरात लहान मुले असतील तर याचा विचार आवर्जून करावा.

मग सराव कसा करावा? नेमबाजीत पारंगत झालेली माणसे आपला बराचसा वेळ गोळी न उडवताच घालवतात, हे आपल्याला कदाचित आश्चर्याचे वाटेल. रिव्हॉल्व्हर पूर्ण रिकामे करावे, ते रिकामे आहे हे डोळ्यांनी आणि बोटाने तपासावे, सगळी काडतुसे दुसऱ्या खोलीत कुलुपात ठेवावीत, आणि त्यानंतरच भक्कम विटांच्या भिंतीवर चिकटवलेल्या लहानशा काळ्या ठिपक्यावर नेम धरावा. चाप सावकाश, एका गतीने मागे ओढावा आणि तो सुटतो त्या क्षणी माशी (नळीच्या टोकावरची नेमाची खूण) ठिपक्यावरून हलली का, एवढेच पाहावे. माशी खाली डावीकडे झुकत असेल (उजव्या हाताच्या माणसाची ती बहुधा तशीच झुकते) तर बोटाबरोबर सगळा पंजा आवळला जात आहे असे समजावे. नळीवर एक रुपयाचे नाणे आडवे ठेवून, ते न पाडता चाप ओढण्याचा सराव जुने प्रशिक्षक मुद्दाम करून घेतात. पहिल्या आठवड्यात नाणे सारखे पडते. ते पडायचे थांबले की हात बसू लागला असे मानायला हरकत नाही. या सरावासाठी तयार मिळणारी प्लॅस्टिकची किंवा धातूची पोकळ काडतुसे वापरावीत, म्हणजे फायरिंग पिनवर (टोपीवर ठोका देणाऱ्या खिळीवर) ताण येत नाही. त्यांत ना दारू असते ना टोपी. ती घरी करण्याच्या भानगडीत पडू नये, हे वरच्या हकिगतीनंतर वेगळे सांगायला नको. पॉइंट टू टूच्या शस्त्राने मात्र पोकळ काडतुसावाचून असा सराव करू नये, कारण त्याची पिन काडतुसाच्या कडेवर आघात करते आणि पुढे काडतूस नसेल तर ती नळीच्या काठावर आपटून दोन्ही खराब होतात.

खरी गोळी उडवायची ती मान्यताप्राप्त रेंजवर, कारखान्याच्या काडतुसाने आणि प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली. ती थोडीच असली तरी वरचा सराव झालेल्या माणसाला तेवढी पुरते.

प्रश्न : शाळेत असताना एनसीसीमध्ये आम्ही पॉइंट टू टूच्या रायफलने 25 मीटरवर गोळ्या झाडल्या होत्या. ते काडतूस हलकेच असते ना? मग घरामागच्या शेतात त्याने सराव करण्यात काय वावगे आहे? (बार्शी तालुका)

उत्तर : ते इतर काडतुसांच्या मानाने हलके आहे, आणि प्रशिक्षणासाठी ते वापरतात ते त्याचा धक्का आणि आवाज कमी असतो म्हणून. पण आकडे पाहा. त्याची गोळी साधारण 2.6 ग्रॅम वजनाची असते आणि सेकंदाला सुमारे 330 मीटर वेगाने निघते, म्हणजे तिच्यात सुमारे 140 जूल ऊर्जा असते. स्पर्धेच्या एअर रायफलच्या छऱ्यात हीच ऊर्जा साधारण साडेसात-आठ जूल असते. पॉइंट टू टूची गोळी दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. बार्शीच्या सपाट रानात, तूर निघून गेल्यावर, दीड किलोमीटरच्या आत वस्ती, पाणंद किंवा गुराखी नाही असे शेत आम्हाला तरी ठाऊक नाही. एनसीसीच्या रेंजवर समोर मातीचा उंच बांध होता, लाल निशाण होते आणि हुकमावाचून कोणी रायफलला हात लावत नव्हते, हे आपल्याला आठवत असेलच.

प्रश्न : आमची मुलगी तेरा वर्षांची आहे आणि तिला एअर रायफलची आवड लागली आहे. जुळे सोलापुरात आमचे घर आहे. घरी सरावाची सोय करता येईल का?

उत्तर : करता येईल, आणि या पानावर आलेल्या सर्व प्रश्नांत या प्रश्नाचे उत्तर देताना आम्हाला सर्वाधिक आनंद होत आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर थ्री पोझिशनचे कांस्यपदक जिंकला, त्याच्याही आधी कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिकला विश्वविजेत्या झाल्या आणि राही सरनोबत यांनी 2018 च्या आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवले. जे कोल्हापुरात होते ते सोलापुरात होऊ नये असे काही नाही.

अंतर 10 मीटर लागते. एवढा हॉल नसेल तर सलग पॅसेज किंवा भिंतीने बंदिस्त गच्ची चालते, मात्र नेमाच्या रेषेत दार, खिडकी किंवा जिना असता कामा नये. लक्ष्यामागे लोखंडी छर्रापेटी हवी, जिच्यातली पत्र्याची पाटी खाली झुकलेली असते आणि छर्रा आदळून खालीच पडतो. पेटीच्या मागे दोन-तीन पदरी जुनी सोलापुरी चादर सैल टांगावी. पेटी चुकलेला छर्रा सैल चादरीत अडकून चपटा होतो आणि उसळून परत येत नाही. ताणून बांधलेली चादर मात्र हे काम करत नाही, आणि पेटीवाचून नुसत्या चादरीवर कधीच विसंबू नये. मुलीबरोबर मोठे माणूस नेहमी हजर असावे, दोघांनीही डोळ्यांवर चष्मा लावावा. छर्रे शिशाचे असतात, म्हणून सरावाच्या वेळी काही खाऊ नये आणि नंतर साबणाने हात धुवावेत.

10 मीटर रायफलच्या लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तो पाहून मुली घाबरतात आणि छऱ्यांमागून छर्रे झाडत सुटतात. पहिले काही महिने कोऱ्या पांढऱ्या कागदावर नेम धरायला लावावे, गुण मोजूच नयेत. उभे राहण्याची ढब आणि श्वास आधी बसू द्यावा.

प्रश्न : एअर रायफलला परवाना लागतो का?

उत्तर : शस्त्र नियम, 2016 नुसार 4.5 मिलिमीटरपेक्षा मोठ्या नळीच्या किंवा 20 जूलपेक्षा जास्त ऊर्जेच्या हवाई शस्त्राला परवाना लागतो. स्पर्धेची रायफल या मर्यादेच्या आत असते. खरेदीची पावती जपून ठेवावी. एअर रायफलने पक्षी मारणे हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 खाली गुन्हा आहे, आणि मुलाच्या हाती रायफल देण्यापूर्वी हे त्याला स्पष्ट शब्दांत सांगावे.

प्रश्न : वडील नुकतेच वारले. कपाटात त्यांची बारा बोअरची बंदूक आहे, आणि एका डब्यात जुनी काडतुसे आहेत. त्यांतली काही त्यांनी स्वतः भरलेली असावीत. काय करावे? (पंढरपूर)

उत्तर : वडिलांचा परवाना आपोआप आपल्या नावावर होत नाही. शस्त्र अधिनियमाच्या कलम 21 प्रमाणे बंदूक आणि काडतुसे जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे विनाविलंब जमा करावी आणि पोच घ्यावी. वारस म्हणून परवाना हवा असेल तर त्यासाठी रीतसर अर्ज करता येतो. आपल्या भागात तो जिल्हाधिकारी कार्यालयात करायचा, सोलापूर शहराच्या हद्दीत पोलीस आयुक्तालयात.

घरी भरलेल्या काडतुसांना मात्र हात लावू नये. ती उघडून पाहू नयेत, झाडून तर मुळीच पाहू नयेत. आत काय आणि किती आहे हे बाहेरून कळत नाही, आणि दमट-कोरड्या हवेत वर्षानुवर्षे पडून राहिल्याने टोपी व दारूची अवस्था काय झाली असेल याचा भरवसा नाही. डबा आहे तिथेच ठेवून, खोलीला कुलूप लावून आधी पोलीस ठाण्यात जावे, त्यात घरी भरलेली काडतुसे असावीत हे स्वच्छ सांगावे, आणि ते सांगतील त्याप्रमाणे करावे. एसटीत किंवा दुचाकीच्या डिकीत घालून तो स्वतः नेऊ नये.