मोक्काचा प्रस्ताव पाठवण्यापूर्वी

चि. नव्या उपअधीक्षकास,
अनेक आशीर्वाद.

मोक्काचा, म्हणजे महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायद्याचा, पहिलाच प्रस्ताव करतो आहेस. बहुतेक मसुद्यांत म्होरक्याच्या दहशतीवर तीन पानं खर्च होतात आणि जुन्या चार्जशीटच्या तारखा एका ओळीत उरकल्या जातात. तुझाही तसाच असेल तर उलटा कर.

१९९९च्या या कायद्याखाली गुन्हा नोंदवायलाच कलम २३(१) नुसार किमान उपमहानिरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते. ते तुझ्या कागदांवरूनच ठरवणार. म्हणून आधी तक्ता आख: पोलिस ठाणं, गुन्हा क्रमांक, कलम, शिक्षा (तीन वर्षं किंवा जास्त), चार्जशीटची तारीख आणि न्यायालयाने दखल घेतल्याची तारीख. गेल्या दहा वर्षांत अशी एकाहून अधिक चार्जशीटं हवीत. घोडं अडतं ते शेवटच्या रकान्यात. चार्जशीट दाखल झाली पण दखल घेतलेली नसेल तर ती मोजता येत नाही. ठाण्याच्या रजिस्टरवर विसंबू नकोस, न्यायालयातून प्रमाणित नकला आण. भाऊबंदकीतली मारामारी संख्या भरायला घुसडू नकोस. गुन्हा टोळीचा आणि लाभासाठी केलेला दिसला पाहिजे. शिवाय जुनी चार्जशीटं कितीही असोत, नवा गुन्हा घडलेला असावाच लागतो.

प्रत्येक आरोपीवर दोन चार्जशीटं लागतात, हा गैरसमज. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे की ती टोळीविरुद्ध असली तरी चालतात. पण मग त्या आरोपीचा टोळीशी धागा पैशातून, फोनमधून, गाडीतून दाखवणं तुझ्यावर आलं. ‘सक्रिय सदस्य आहे’ एवढं लिहून भागत नाही.

कलम १८चा, म्हणजे पोलिसांसमोर दिलेला, कबुलीजबाब तू घेऊ शकत नाहीस. अधीक्षक किंवा वरच्या दर्जाचा अधिकारी लागतो. तो तपासाबाहेरचा असलेला बरा. फोन ऐकण्याचा अर्जही त्याच दर्जाचा अधिकारी करतो, मंजुरी गृह विभागाच्या सचिव पातळीवरून मिळते आणि एका वेळी साठ दिवसांपुरतीच.

बरीच प्रकरणं कोठडीच्या नव्वदाव्या दिवशी घसरतात, कारण चार्जशीटची मुदत तिथे संपते. ती १८० दिवसांपर्यंत वाढवायला सरकारी वकिलाचा स्वतःचा अहवाल हवा: तपास कुठवर आला आणि आरोपीला आणखी आत ठेवण्याची नेमकी कारणं काय. तुझ्याच पत्रावर त्यांची सही म्हणजे अहवाल नव्हे. त्या सुनावणीला आरोपी हजर हवा आणि अर्जाची कल्पना त्याला दिलेली हवी. पंचाहत्तराव्या दिवशीच वकिलांकडे कागद पोचव.

विशेष न्यायालयाने मोक्काखालच्या चार्जशीटची दखल घेण्याआधी किमान अपर महासंचालक दर्जाच्या अधिकाऱ्याची मंजुरी घ्यावी लागते, कलम २३(२). ती वेगळी पायरी आहे. पूर्वपरवानगीचाच मजकूर तिथे उतरवलास तर बचावाचा वकील दोन्ही कागद शेजारी ठेवून दाखवेल.

कुणी सुचवेल, नव्या न्याय संहितेचं संघटित गुन्हेगारीचं कलम १११ लाव, परवानगीची कटकट नाही. खरं आहे. पण मोक्कातली जामिनाची कडक अट आणि कबुलीजबाबाची मुभा तिथे नाही.

तक्ता भरून झाला की पाठव, मजकूर नंतर पाहू.