केस गळतायत म्हणून लगेच कांद्याचा रस नको

अगं, केस गळतायत आणि टाळूला खाज-कोंडा आहे म्हणतेस ना, मग आधी ते लिंबू आणि कांद्याचा रस बंद कर बरं, टाळूला खाज आणि लाली असताना आंबट तिखट काही चोळलं की आग अजून वाढते. तेलाचंही तसंच, कोंडा चिकट पिवळट असेल तर रात्रभर तेल थापून ठेवू नकोस, त्यातली बुरशी तेलावरच पोसते. मेडिकलमधून केटोकोनाझोल (बुरशी मारणारं औषध) २ टक्केवाला शाम्पू आण, आठवड्यातून २ वेळा, फेस टाळूवर ५ मिनिटं ठेवायचा आणि मग कोमट पाण्यानं धुवायचं, कढत नाही. घरगुतीच हवं तर भिजवलेली मेथी वाटून लाव, पण आधी कानामागे लावून एक दिवस बघ. टँकर-बोअरचं पाणी असेल तर शेवटचा तांब्या फिल्टरच्या पाण्याचा घे, केस जरा मऊ राहतात. आणि गाडीवरून आल्यावर तो घामट स्कार्फ तसाच परत गुंडाळतात पुण्यातल्या सगळ्याच पोरी, तो रोज धू गं! दिवसाला ५०-१०० केस जाणं नॉर्मलच, पण डेंगी-टायफॉइडनंतर २-३ महिन्यांनी पुंजकेच्या पुंजके येतात, ते बहुतेक आपोआप थांबतं. तरी हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड तपासून घेच. गोल चट्टा पडला किंवा पू दिसला तर मात्र सरळ स्किनवाल्या डॉक्टरकडे.