विद्युतचुंबकत्वाचा कोर्स घेतला आहेस, तर

सुरुवातीचे आठवडे ग्रेडियंट, डायव्हर्जन्स आणि कर्ल (क्षेत्र कसं बदलतं, पसरतं आणि फिरतं ते सांगणाऱ्या गणिती क्रिया) यांवरच घाल. नुसती सूत्रं पाठ करून भागत नाही. गाउसच्या नियमात (बंद पृष्ठभागातून बाहेर पडणारं विद्युत क्षेत्र आतल्या चार्जशी जोडणारा नियम) पृष्ठभाग कुठला घ्यायचा, हे क्षेत्ररेषांचं चित्र काढल्याशिवाय सुचत नाही.

स्थिरविद्युत बहुतेकांना निभावते. खरी गोम बदलत्या क्षेत्रांत आहे. चार्ज होणारा कपॅसिटर घे: प्लेट्सच्या मधल्या पोकळीतून एकही इलेक्ट्रॉन जात नाही, तरी तिथे चुंबकीय क्षेत्र असतं. प्रवाहाभोवतीचं चुंबकीय क्षेत्र सांगणाऱ्या अँपिअरच्या नियमात मॅक्सवेलने विस्थापन प्रवाहाची (बदलत्या विद्युत क्षेत्रामुळे येणाऱ्या पदाची) भर का घातली, ते इथे उलगडतं. या एका उदाहरणाला हवा तेवढा वेळ दे, सर पुढे गेले तरी.

उपयोजनाचा भाग परीक्षेपुरता उरकू नकोस. तांब्यातली स्किन डेप्थ, म्हणजे बदलता प्रवाह पृष्ठभागापासून साधारण जितक्या खोलीपर्यंत वाहतो ती, ५० हर्ट्झला साधारण ९ मिलिमीटर असते, १ मेगाहर्ट्झला जेमतेम ०.०६६. हे आकडे स्वतः काढून बघ. मग उच्च वारंवारतेच्या कॉइलला एकमेकींपासून विलग अशा बारीक तारा पिळून केलेली लिट्झ वायर का लागते, ते कुणी सांगावं लागत नाही. स्मिथ चार्ट, म्हणजे इम्पिडन्स (बदलत्या प्रवाहाला होणारा विरोध) वाचायचा वर्तुळांचा आलेख, दिसायला भयंकर (पहिल्यांदा सगळेच दचकतात), पण कंपास घेऊन हाताने चार उदाहरणं केलीस की हात बसतो. आणि एककं दर ओळीत तपास. टेस्ला (चुंबकीय क्षेत्राचं एकक) आणि वेबर (एकूण चुंबकीय फ्लक्सचं एकक) यांची गल्लत हमखास होते.