एक नाव, झाडं अनेक

प्रश्न : मी लाकडावर कोरीवकाम करतो. दोन ठिकाणांहून ‘सीडर’ मागवलं. एक फळी लालसर तपकिरी आणि कमालीची हलकी, दुसरी पिवळसर, जड आणि तेलकट. वासही वेगळे. यातली खोटी कुठली?

उत्तर : विकणाऱ्यांच्या भाषेत दोन्ही खरी. माझ्यासारख्या झाडं बघत हिंडणाऱ्याला विचाराल, तर सीडर म्हणजे फक्त सीड्रस ही प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा एक गट. तिच्यात हिमालयातला देवदार, लेबनॉनच्या झेंड्यावरचं झाड आणि मोरोक्को-अल्जीरियाच्या डोंगरांतला अ‍ॅटलास सीडर येतो. सायप्रस बेटावरच्या झाडाला काही जण चौथी जाती मानतात, काही जण लेबनॉनच्याच झाडाची उपजाती. तो वाद तुमच्या पटाशीच्या कामाचा नाही.

युरोपीय लोक अमेरिकेत गेले तेव्हा वासाचं, न कुजणारं लाकूड दिसलं की त्यांनी त्याला सीडर म्हणून टाकलं. नाकाने केलेलं हे बारसं! वेस्टर्न रेड सीडर हा प्रत्यक्षात थुजा, लॅटिन नाव थुजा प्लिकाटा. ईस्टर्न रेड सीडर हा जुनिपर. पूर्वी पेन्सिली याच्याच होत. पुढे ते काम कॅलिफोर्निया-ऑरेगनमधल्या इन्सेन्स सीडरकडे गेलं, आणि तोही सीड्रस नव्हे. जपानी सीडर म्हणजे क्रिप्टोमेरिया. ही चारही झाडं सायप्रसच्या कुळातली, तर सीड्रस पाइनच्या कुळातला. सिगारच्या पेट्यांचा स्पॅनिश सीडर तर सूचिपर्णीही नाही, तो महोगनीचा भाऊबंद.

उभं झाड समोर असेल तर घोटाळा होतच नाही. सीड्रसच्या आखूड फांद्यांवर सुयांचे झुबके असतात. त्याचा पिंपासारखा शंकू फांदीवर ताठ उभा राहतो आणि झाडावरच खवला-खवला सुटून विखुरतो. म्हणून झाडाखाली पिकलेला अख्खा शंकू सहसा मिळत नाही. शेंडा तेवढा लाकडी गुलाबासारखा पडलेला सापडतो. (मला तो अख्ख्या शंकूपेक्षा देखणा वाटतो.) थुजाची पानं चपट्या खवल्यांची, शंकू जेमतेम सेंटिमीटरभर. जुनिपरला निळसर फळासारखे शंकू येतात, ते पक्षी खातात.

फळीवर मात्र ना पान, ना शंकू. तुमच्या वर्णनावरून हलकी लालसर फळी थुजा प्लिकाटाची असावी आणि तेलकट पिवळी देवदाराची, पण पावतीवर लॅटिन नाव लिहून मागा. सीडरचं सुगंधी तेल घेतानाही तसंच करा : ‘व्हर्जिनिया सीडर’चं तेल जुनिपरचं असतं, ‘अ‍ॅटलास’चं सीड्रसचं.

थुजा प्लिकाटाच्या भुशात प्लिकॅटिक आम्ल असतं. त्यामुळे लाकूड कापणाऱ्या कामगारांना दमा झाल्याची नोंद वैद्यकशास्त्रात आहे. ती फळी घासताना भुसा ओढून घेणारं यंत्र लावा, चांगला मास्क बांधा. काम संपल्यावर रात्री खोकला किंवा छातीत घरघर सुरू झाली, तर डॉक्टरांना लाकडाचं नाव सांगा, आणि ते नुसतं ‘सीडर’ असं सांगू नका.