स्टँड-अपमध्ये स्टेज प्रेझेन्स जन्मजात असतो का? ऑडियन्सशी कनेक्ट कसं व्हायचं?

तुम्ही लिहिलंय की जोक मित्रांना सांगितले की ते पोट धरून हसतात पण ओपन माइकला (म्हणजे नवखेही नाव देऊन थोडा वेळ स्टेजवर जाऊ शकतात असा कार्यक्रम) तेच जोक थंड जातात, आणि तुमच्यानंतर येणारा एखादा साधेच जोक सांगून लोकांना खिशात घालतो. मग हे सगळं उपजतच असावं लागतं का, आणि मध्येच कोणी बोललं तर काय करायचं, असं विचारलंय.

मी स्टँड-अप करतो आणि ओपन माइकचं होस्टिंगही करतो, त्यामुळे बाजूला उभं राहून दुसऱ्यांचे सेट, म्हणजे स्टेजवरची त्यांची पाळी, बघणं भरपूर होतं, आणि त्यावरून ठाम सांगतो की हे शिकता येतं. आपण ज्याला प्रेझेन्स म्हणतो त्यातला मोठा भाग म्हणजे ऐकणं. मित्रांमध्ये तुम्ही हे आपोआप करता, कोणी हसलं की थांबता, कोणाचा चेहरा कोरा दिसला की गोष्ट जरा उलगडून सांगता, कंटाळले की गुंडाळता. स्टेजवर गेलं की हे सगळं बंद पडतं कारण डोक्यात पुढची ओळ आठवणं चालू असतं, आणि समोरच्याला ते लगेच कळतं, हा माणूस आपल्याशी बोलत नाहीये, पाठ केलेलं म्हणून दाखवतोय.

आता यावर लोक सल्ला देतात की आवाज मोठा ठेव, एनर्जी दाखव, डोळ्यात डोळे घालून बोल. मला तो सल्ला अर्धवट वाटतो. अमेरिकन कॉमेडियन रॉबिन विल्यम्स अख्खं स्टेज पळून वापरायचे हे खरं, पण तिकडचेच स्टीव्हन राइट एका सुरात, चेहऱ्यावरची रेष न हलवता बोलतात आणि लोक हसून आडवे होतात. तिकडचेच मिच हेडबर्ग तर स्टेजची भीती वाटायची म्हणून गॉगल लावून, केस चेहऱ्यावर घेऊन, खाली बघत बोलायचे, कधी डोळेही मिटलेले असायचे. तरी लोक त्यांच्यावर जीव टाकायचे, कारण कान समोर असायचे, एखादा जोक पडला की तो पडला हे ते तिथल्या तिथे बोलून दाखवायचे आणि त्यावरच हशा यायचा. म्हणून दुसऱ्याची स्टाइल उचलू नका, मित्रांमध्ये तुम्ही शांत असाल तर स्टेजवरही शांतच रहा, फक्त आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला पाहिजे.

सुरुवातीचा अर्धा मिनिट फार महत्त्वाचा. लोकांना तेवढ्यात एवढंच ठरवायचं असतं की या माणसाच्या हातात आपण निवांत बसू शकतो का. माइक स्टँडमधून काढायचा असेल तर आधी काढा, स्टँड उचलून मागे ठेवा, उभे रहा, समोर बघा, मग पहिली ओळ. पुष्कळ जण स्टँडशी झटापट करत करतच बोलायला लागतात आणि पहिला जोक त्यातच वाया जातो. माइकची जाळी मुठीत धरू नका, आवाज घुमतो आणि शिट्टी वाजते. आणि आल्या आल्या 'अजून जोरात टाळ्या होऊ द्या' हे नको, वातावरण तापवणं होस्टचं काम आहे, ते त्याने केलेलं असतं. पहिली आणि शेवटची ओळ घोटून पाठ ठेवा आणि मधलं जरा सैल सोडा, म्हणजे डोकं मोकळं राहतं समोर बघायला.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट, जी नवीन लोकांमध्ये हमखास राहून जाते. हसणं लाटेसारखं येतं, चढतं, टोकाला जातं, मग उतरतं. ते उतरायला लागलं की पुढचं वाक्य सुरू करायचं, पूर्ण विरेपर्यंत थांबलात तर हवा जाते. पण चढत असतानाच बोललात तर त्याहून वाईट होतं, कारण लोकांना पुढचं ऐकायचं असतं म्हणून ते हसू दाबतात, आणि दोनतीनदा असं झालं की खोलीला न सांगता सवय लागते की या माणसाच्या सेटमध्ये हसायचं नाही, नाहीतर काहीतरी सुटेल. मग तुम्हाला वाटतं जोक चालत नाहीयेत, म्हणून तुम्ही अजून घाई करता आणि ते अजून दाबतात. बाहेरून बघताना हे इतकं स्पष्ट दिसतं, खांदे हलत असतात, तोंडावर हात असतो, आणि स्टेजवरच्याला मात्र शांतता ऐकू येते. फोनवर सेट रेकॉर्ड करा आणि घरी नुसता आवाज ऐका, व्हिडिओ बघू नका, व्हिडिओ बघितला की आपण आपले हातवारेच बघत बसतो. कुठे हशा सुरू झाला आणि तुम्ही कुठे त्यावर बोललात एवढंच लिहून काढा, एका रेकॉर्डिंगमधूनही बरंच हाती लागतं.

त्यातच अजून एक, ज्या शब्दावर हसू येणार तो शब्द शक्यतो वाक्याच्या टोकाला ठेवा. त्याच्यामागे 'असं काहीतरी होतं ना तेव्हा' अशी शेपटी राहिली तर लोक हसायला लागतात आणि तुम्ही अजून शेपटीच बोलत असता.

शांततेला घाबरू नका असं सगळे सांगतात पण शांतता कधी चालते ते कोणी सांगत नाही. लोकांना तुम्ही कोण आहात हे कळलेलं असेल तरच चालते. जॅक बेनी हे अमेरिकन रेडिओवर कंजूष माणसाचं पात्र करायचे, 1948 च्या एका कार्यक्रमात चोर त्यांना विचारतो पैसे देतोस की जीव, आणि ते काहीच बोलत नाहीत. घरी ऐकणाऱ्यांना तर चेहराही दिसत नव्हता, तरी त्या गप्प राहण्याला प्रचंड हशा आला, कारण हा माणूस पैशासाठी खरंच विचार करत बसेल हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून पाच मिनिटांच्या सेटमध्येही सुरुवातीचा एखादा जोक असा ठेवा ज्यातून तुमचा स्वभाव कळेल, चिडका, भोळा, संशयी, जे खरं असेल ते. पुढे तुमचं नुसतं बघणंही चालतं मग.

एक सेट मला अजून डोळ्यासमोर दिसतो. एक मुलगी स्टेजवर होती, आईच्या फोनवरचा जोक रंगात आलेला, आणि मागे कोणाच्या तरी हातून ग्लास पडून फुटला. सगळ्यांच्या माना मागे. ती थांबली, तिनेही मान उंच करून तिकडे बघितलं, 'लागलं नाही ना?' असं खरंच विचारलं, उत्तर आलं नाही, मग म्हणाली 'बघा, माझी आई असती तर आधी ग्लास कितीचा होता विचारलं असतं' आणि तिथूनच जोक पुढे उचलला. त्या क्षणाला सगळी खोली तिची झाली. त्या वाक्यात फार काही नाहीये, कागदावर तर काहीच नाही. पण लोकांचं लक्ष जिथे होतं तिथे ती आधी गेली आणि मग त्यांना परत घेऊन आली. काही झालंच नाही असं दाखवून ती बोलत राहिली असती तर पुढची दोन मिनिटं कोणी तिचं ऐकलं नसतं.

क्राउड वर्कचंही, म्हणजे प्रेक्षकांशी थेट बोलून हसवण्याचंही, तेच. रील्सवर बघून सगळ्यांना वाटतं की समोरच्याला 'काय करता' विचारायचं आणि टोमणा मारायचा. त्या क्लिप म्हणजे चाललेले तुकडे असतात, न चाललेलं कोणी टाकत नाही. समोरचा 'अकाउंट्समध्ये आहे' म्हणाला की लगेच अकाउंट्सवरचा तयार जोक काढू नका, एक प्रश्न अजून विचारा, आवडतं का काम, कोणी जबरदस्तीने पाठवलं का. खरं मटेरियल दुसऱ्या उत्तरात असतं. आणि दिसण्यावर, वजनावर जाऊ नका, तो एक माणूस आणि त्याच्या आजूबाजूची सगळी तुमच्यापासून तुटतात.

दरवेळी दोष तुमचाच असतो असंही नाही. रॉबर्ट प्रोव्हाइन या संशोधकाने हसण्याचा अभ्यास केला होता, त्यांना आढळलं की माणूस एकटा असताना हसतो त्याच्या साधारण 30 पट जास्त चारचौघात हसतो. म्हणून लोक मोठ्या हॉलमध्ये विखरून बसलेले असतील, वर लख्ख लाइट असतील, तर तगडा जोकही अर्धाच लागतो. होस्टला आधीच सांगा की लोकांना पुढे एकत्र बसवा आणि प्रेक्षकांवरचे दिवे कमी करा. हे मागायला लाजू नका, चांगला होस्ट ऐकतो.

मध्येच बोलणाऱ्याबद्दल. बहुतेक वेळा तो वाईट हेतूने बोलत नसतो, त्याला शोमध्ये भाग घ्यायचा असतो. तो जे म्हणाला ते आधी माइकवर परत म्हणा, कारण मागच्या लोकांना ऐकूच गेलेलं नसतं आणि तुमच्या उत्तराचा त्यांना अर्थ लागत नाही, शिवाय विचार करायला तुम्हाला दोन सेकंद मिळतात. पहिलं उत्तर हलकं द्या. खोली तुमच्याच बाजूने असते, पण त्याच्या एका शब्दाला तुम्ही पाच शिव्या दिल्यात तर लोक त्याच्या बाजूने जातात. दारू चढलेला असेल आणि थांबतच नसेल तर होस्टला खूण करा, त्याला बाहेर न्यायचं की जागा बदलायची ते जागेवाले बघतील, तुम्ही पुढचा जोक सुरू करा.